हंगामी नदी की मोसमी नदी?

प्रश्न असा आहे : पाठ्यपुस्तकात द्वीपकल्पावरच्या नद्यांना सरसकट 'हंगामी' म्हटलेले असते, मग १४६५ किलोमीटर लांबीची गोदावरीही हंगामीच का? आणि 'मोसमी' म्हटले तर चालेल का?

हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यानेच घोटाळा होतो. 'मोसमी' हा शब्द पाणी कुठून येते ते सांगतो, तर 'हंगामी' ते किती काळ वाहते ते. दख्खनच्या नद्यांना हिमालयातल्यासारखे वितळत्या बर्फाचे पाणी मिळत नाही, म्हणून त्या सगळ्याच मोसमी. गोदावरीचा मुख्य प्रवाह उन्हाळ्यात रोडावतो, पण सर्वत्र तुटत नाही. तिला हंगामी म्हणणे ढोबळ आहे. माण, सीना, येरळा यांना मात्र तो शब्द चपखल बसतो. (कावेरी मोसमीच, पण तिच्या खालच्या खोऱ्याला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमीचाही पाऊस मिळतो.)

पाऊस थांबल्यावर नदी वाहते ती भूजलावर. भूजलपातळी पात्राच्या तळापेक्षा वर असेतो झिरपा नदीत येतो. पातळी वर्षभर वर राहिली तर नदी बारमाही. काही महिनेच राहिली तर हंगामी. ती कायमच तळाखाली असेल तर सर पडल्यावर लोंढा येतो आणि ओसरतो. अशा ओढ्याला हंगामी नव्हे, 'क्षणिक' किंवा 'अल्पकालीन' म्हणावे. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः वरच्या मुरुमात आणि भेगांमध्येच साठते, त्यामुळे साठा लवकर संपतो. विहिरींचा उपसा वाढला की तो आणखी लवकर संपतो आणि कालची बारमाही नदी आज हंगामी होते.

नदी 'आटली' आणि 'कोरडी पडली' यांतही फरक करावा. आधी धार तुटते, मग डोह उरतात, शेवटी पात्र कोरडे पडते. तरीही वाळूत झरा खणला तर पाणी लागू शकते.

सिंचनातला 'आठमाही' हा शब्द खरीप-रब्बीच्या पाणीवाटपाचा आहे, तो नदीला लावू नये. धरणाखाली मे महिन्यात वाहते पाणी दिसले म्हणून लगेच 'बारमाही' लिहू नये; ते आवर्तनाचे, म्हणजे सिंचनासाठी धरणातून पाळीने सोडलेले पाणी असू शकते, म्हणून धरणाच्या वरच्या अंगाचे पात्र पाहून ठरवावे.