रात्री दोन वाजता नीट केलेला रोबोट

या वेळी तीन पत्रं आहेत. डब्लिन आणि मेलबर्नच्या दोघींनी रागावू नये, पहिल्या पत्रावरच मला जरा जास्त बोलायचंय.

मिशिगनहून एक आई लिहिते: "काकू, आम्ही मूळचे नागपूरच्या प्रतापनगरचे. मुलगा नववीत आहे, यंदाच शाळेच्या एफआरसी (हायस्कूलच्या मुलांची रोबोट बनवायची स्पर्धा) टीममध्ये गेला. जानेवारीपासून रोज रात्री नऊला घरी येतो. हात काळे, जेवण थंड. रविवारची मराठी शाळा बुडते. आणि एवढं करून त्याला प्रोग्रॅमिंगवरून काढून स्काउटिंगवर टाकलं. म्हणजे स्टँडमध्ये बसून दुसऱ्यांच्या रोबोटचे आकडे लिहायचे! हे म्हणतात, यात इंजिनिअरिंग कुठे आलं? उद्या कॉलेजच्या अर्जात काय सांगणार? त्यातून गेले आठ दिवस तो बाबांशी बोलत नाही. टीममधून काढून घ्यावं का?"

हे पत्राचं पहिलं पान. खरं पत्र दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तेही कंसात: "(रोबोटच्या आर्मचा, म्हणजे हाताचा, कोड त्याला जमत नव्हता, म्हणून यांनी एका रात्री दोनपर्यंत बसून सगळं नीट करून दिलं. पण पोराला त्याची किंमत नाही.)"

अगं, किंमत नाही कशी? ती तर त्यानेच मोजली. तूच पुढे लिहिलंयस की दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये आर्म वर गेला तो थांबेचना, गिअरबॉक्सचे दात गेले. मेंटरने विचारलं, हा बदल कोणी केला? पोट्टा म्हणाला, "मी." मग मेंटर म्हणाला, बरं, समजावून सांग. आणि हा सगळ्या टीमसमोर गप्प उभा. चौदा वर्षांच्या मुलाने बापाचं नाव घेतलं नाही, हे तुम्हा दोघांच्या लक्षात तरी आलं का? आता तो बोलत नाही म्हणून तू मला पत्र लिहितेस. मी असते त्याच्या जागी तर महिनाभर बोलले नसते.

रागावू नकोस. हे सगळं मी ठामपणे सांगते कारण आमच्या घरात हाच प्रकार झालाय. आम्ही एकोणीस वर्षं ओहायोत होतो. आमचा थोरला पाचवीत असताना लेगो लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या लेगो रोबोटच्या स्पर्धेत, होता. आमचे हे नागपूरच्या व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या व्हीएनआयटीच्याच आवारातले, फक्त तेव्हा नाव वेगळं होतं. बजाजनगरच्या त्या गेटमधून बाहेर पडलेल्या माणसाला स्क्रू ढिला दिसला की राहवत नाही, हा माझा जुना अनुभव. टीमच्या सरावाला यांनी एक जोडणी काढून दुसरी बसवली. रोबोट झकास चालला. अडीच मिनिटांच्या फेरीत चांगले गुणही मिळाले. पण तिथे नुसती फेरी नसते, परीक्षक मुलांना खोलीत बोलावून प्रश्न विचारतात आणि उत्तरं मुलांनीच द्यायची असतात. एका बाईंनी प्रेमाने विचारलं, हा मोठा गिअर इथे का बसवला? आमचं रत्न म्हणालं, "माय डॅड नोज." घरी येताना गाडीत तिघंही गप्प होतो. यांना वाईट वाटलं ते बक्षीस गेल्याचं नाही. पुढची दोन वर्षं पोरगा घरात पेचकसाला हात लावेना, त्याचं.

तुझा नवरा म्हणेल, एफआरसीत मोठ्यांनी काम करायचं नाही असा नियम कुठे आहे? बरोबर आहे, नाहीच. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये फर्स्ट ही एफआरसी भरवणारी संस्था काढली आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एका शाळेच्या जिममध्ये 28 टीमांची पहिली स्पर्धा झाली, तेव्हापासून कल्पनाच अशी आहे की मुलांनी खऱ्या इंजिनिअरांच्या खांद्याला खांदा लावून काम करावं. पण खांद्याला खांदा लावायला दुसरा खांदा तिथे हवा ना! पोरगा वर झोपलाय आणि बाप खाली त्याच्या लॅपटॉपवर जावा लिहितोय, याला मेंटरिंग म्हणत नाहीत. आपल्याकडे प्रयोगवही ताईकडून लिहून घ्यायचे, त्यातलाच प्रकार.

माझे बाबा रेल्वेत फिटर होते. एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, ते तुला सांगायला नको. एका वर्षी बाबांनी कूलर माझ्या भावाच्या ताब्यात दिला. तो सातवीत. त्याने ताट्यांमध्ये नवा खस भरला, पंप बसवला, पाणी भरलं. पंप घूं घूं करतोय, पण डावीकडची ताटी कोरडीच. बाहेर पंचेचाळीस डिग्री. दोन दुपारी आम्ही घरभर ओले पंचे अंगावर घेऊन पडून होतो. आई बाबांना म्हणाली, अहो, तुम्ही पाच मिनिटांत कराल. बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं काय झालंय ते. त्यांनी एकच गोष्ट केली: भावाने हात घालण्याआधी प्लग काढलाय की नाही, ते दर वेळी स्वतः येऊन बघितलं. आणि एकदा नुसतं विचारलं, "पाणी कुठपर्यंत येते रे?" तिसऱ्या दिवशी भावाने वरची नळी काढून उन्हात धरली. डावीकडची सगळी छिद्रं बोअरच्या पाण्याच्या क्षाराने पांढरीफट्ट बुजलेली. आईची गाद्या शिवायची दाभण घेऊन एकेक छिद्र मोकळं केलं. संध्याकाळी ताटी भिजली, खसाचा वास सुटला, तेव्हा बाबा मुकाट्याने कूलरसमोर खाट टाकून झोपले.

भाऊ पुढे बँकेत लागला, इंजिनिअर वगैरे झाला नाही. पण आजही बिघाड कुठला का असेना, तो आधी "कुठपर्यंत येते" ते बघतो. तुझ्या नवऱ्याने त्या रात्री एवढंच विचारायला हवं होतं. आर्म कुठपर्यंत जातो? तो थांबला पाहिजे हे कोडला कसं कळतं? एन्कोडर, म्हणजे आर्म किती फिरला ते मोजणारा सेन्सर, काय आकडा दाखवतो? आणि मग चहा करून प्यायचा.

आता स्काउटिंग. इथे तर मला तुम्हा दोघांचे कान धरायचेत. एफआरसीत सामना एका रोबोटचा नसतो. तीन टीम एकीकडे, तीन दुसरीकडे. पात्रता फेऱ्यांत कोण कुणाच्या बाजूने ते आयोजक ठरवतात. म्हणजे सकाळी जो सोबती, तो दुपारी समोर. बाद फेरीआधी मात्र वरच्या आठ टीम आपले साथीदार स्वतः निवडतात. कुणाला घ्यायचं हे कशावर ठरतं? स्टँडमध्ये बसून ज्या पोरांनी आकडे लिहिले, त्यांच्या वहीवर. कुठला रोबोट दर फेरीत तेच काम बिनचूक करतो, कुठला एकदा चमकतो आणि तीनदा बंद पडतो, हे गुणफलकावर दिसत नाही. माहिती गोळा करायची, चाळायची, त्यावरून निर्णय घ्यायचा आणि तो बारावीच्या मुलांना पटवून द्यायचा. याला इंजिनिअरिंग म्हणायचं नाही तर कशाला?

आमच्या थोरल्याचंच सांगते. तो नंतर नववीत आपणहून एफआरसीत गेला. 2014 साल. तेव्हा रोबोट बनवायचे सहा आठवडे संपले की रोबोट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील करायला लागायचा, 2020 पासून ते बंद झालं. (तुम्हाला आता स्पर्धेपर्यंत हात चालवता येतो, म्हणून तर तुमचे हे रात्री दोनपर्यंत बसतात!) वजनाची मर्यादा तेव्हा 120 पौंड, म्हणजे साधारण 54 किलो, बॅटरी आणि बंपर सोडून. त्या वर्षीच्या खेळात मोठाले चेंडू होते आणि गोल करण्याआधी चेंडू आपल्या बाजूच्या रोबोटांमधून फिरवला की गुण भरपूर वाढायचे. क्लीव्हलँडला थोरल्याच्या टीमच्या रोबोटचा चेंडू फेकायचा भाग दुसऱ्याच फेरीत मोडला. मी स्टँडमध्ये डोक्याला हात लावून बसले. पोरांनी पिटमध्ये, म्हणजे रोबोट दुरुस्त करायच्या जागेत, काय केलं? फेकायचा नाद सोडला आणि चेंडू उचलून शेजारच्याला द्यायचा, एवढंच काम पक्कं केलं. दुपारी एका वरच्या टीमने या पोरांना निवडलं. का, तर त्यांच्या स्काउटिंगच्या एका मुलीने लिहून ठेवलं होतं की हा रोबोट पास चुकवत नाही. ती मुलगी कोण, कुठली, मला अजून माहीत नाही. तिच्या आईनेही कदाचित कुणाला तरी असंच पत्र लिहिलं असेल.

तेव्हा काढू नकोस त्याला. नवऱ्याला म्हणावं, आधी मुलाची माफी मागा, मग त्याची परवानगी घेऊन मेंटरला सांगा की तो कोड माझा होता. जड जाईल, जाऊ दे. त्यानंतर मोठ्यांनी करायची कामं पुष्कळ आहेत: डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा आहे की नाही बघणं, रात्री गाडी घेऊन जाणं, तीस पोरांना पोहे करून नेणं. (मी नेले होते. शेंगदाणे टाकू नकोस, ॲलर्जी असते.) मराठी शाळेचं म्हणशील तर बुडू दे दोन महिने. गाडीत येताना रोज दहा मिनिटं रोबोटचं काय झालं ते मराठीत सांग म्हणावं. "गिअरचे दात गेले" हे मराठीत सांगता आलं की झालं.

आणि हो, "जूनमध्ये नागपूरला येतोय, तिथे रोबोटिक्सचा क्लास लावू का," असंही विचारलंयस. नाही. सीताबर्डीला मोदी नंबर तीनच्या गल्लीत त्याला एकटा सोड, पाचशे रुपये दे आणि मोटर, स्विच, वायर घेऊन ये म्हण. इतवारीत लोहा ओळीत एक चक्कर मारू दे. दुकानदाराला हवी ती वस्तू समजावून सांगताना त्याचं मराठीही निघेल आणि इंजिनिअरिंगही. नाहीतर आमच्या लक्ष्मीनगरच्या तान्ह्या पोळ्यासारखं व्हायचं. लाकडी बैल सजवायचा मुलांनी, दारोदार नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा मुलांनी. हल्ली बक्षिसापायी आया रात्रभर बैल सजवतात आणि पोरं फेटा सावरत फोटोपुरती दोरी धरतात. मागच्या वर्षी मी एकाला विचारलं, शिंगं कशाची केली रे? त्याने आईकडे बघितलं.

डब्लिनच्या ताई विचारतात, मुलगी फोनवर आजीशी "हो" आणि "नको" यापलीकडे बोलत नाही. तिला आजीची चौकशी करायला लावू नका. आजीला मोबाइलमधलं काहीतरी शिकवायला सांगा. शिकवताना तोंड उघडावंच लागतं, आणि आज्यांना शंका पुष्कळ असतात.

मेलबर्नकर, सावजी मसाला बॅगेत घालायला हरकत नाही, पण उतरल्यावर कार्डावर अन्नपदार्थ आहेत म्हणून लिहायचंच. लपवाल तर दंड होईल, मसालाही जाईल. आणि वास येतो, तेव्हा दोन पिशव्यांत बांधा.