वाचकांचे प्रश्न : घरगुती विक्रीला रेडिओची जाहिरात

प्रश्न : मी घरूनच एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची सौंदर्यप्रसाधनं आणि न्यूट्रिशन पावडर विकते. ओळखीपाळखीचं गिऱ्हाईक संपत आलं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी जळगावच्या खासगी एफएमवर 20 सेकंदांची जाहिरात द्यावी म्हणते. पैसे वसूल होतील का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी ते स्टेशन तुमच्या गिऱ्हाइकांच्या घरात लागतं का ते बघा. जळगावात खणखणीत वाजणारं एफएम अमळनेरच्या गल्लीत नुसतं खरखरू शकतं. मोबाइलवर तपासायचं तर इअरफोनची वायर जोडा, तीच अँटेनाचं काम करते. ॲपवर ऐकू आलं म्हणजे एफएमवर लागतं असं नाही. जळगावचं लागत नसेल तर धुळ्याकडचं बघा.

आता हिशेब. समजा दर 10 सेकंदांना 60 रुपये. 30 सेकंदांची जाहिरात (20 ची का नको ते पुढे येतं) दिवसातून 6 वेळा, 10 दिवस, म्हणजे 10,800 रुपये. वर 18 टक्के जीएसटी, एकूण 12,744. एका ऑर्डरमागे तुम्हाला 250 सुटत असतील तर 51 ऑर्डरींनंतर खर्च निघतो. रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे असतात, ते आधीच विचारा. पैसे थोडे असतील तर महिनाभर रोज 2 वेळा देण्यापेक्षा 10 दिवस रोज 6 वेळा द्या. एकदा कानावरून गेलेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. लेकीबाळी आखाजीला माहेरी येतात, म्हणून सणाच्या 12 दिवस आधी सुरू करा. कोणत्या तारखेला किती वाजता वाजली, त्याचं प्रसारण प्रमाणपत्र मागून घ्या.

20 नव्हे, 30 सेकंदच घ्या, कारण फोन नंबर. तो दोनदा सांगावाच लागतो आणि एका वेळेला 6-7 सेकंद खातो. शिवाय जोडीनं सांगू नका. ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’, पोळ्या लाटणाऱ्या बाईला कळत नाही. पाच, नऊ असे सुटे आकडे, 3-3-4 अशा तुकड्यांत सांगा. बाकी मजकुराला 35-40 शब्दच उरतात. मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. एकच वस्तू, एकच भाव, एकच नंबर. अमळनेर-धुळ्याच्या पट्ट्यात अहिराणी कानाला लगेच आपली वाटते. तेच बोल रावेर-यावलच्या लेवा गणबोलीच्या भागात तितके लागणार नाहीत.

पावडरीनं साखर उतरते, वजन घटतं, असं मात्र चुकूनही म्हणू नका. मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानं मनाई आहे. मजकूर कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्या.

रेडिओसाठी वेगळं सिम ठेवा, म्हणजे कोणता फोन जाहिरातीमुळे आला ते वहीत लिहिता येईल. जाहिरात वाजते त्या वेळी फोन हातात हवा. तासाभरानं उलट फोन केला की समोरची बाई ‘कोण बोलतंय?’ विचारते, तिथंच ऑर्डर निम्मी गेली. कुणाच्या घरी जायचं तर आधी वेळ ठरवा, ओळखपत्र जवळ ठेवा. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांतही तेच आहे.

प्रश्न : ‘घरबसल्या कमवा’ अशी जाहिरात देऊन माणसं जोडली तर? — एक वाचक, शहादा

उत्तर : देऊ नका. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी पिरॅमिड योजना (नव्या माणसांच्या भरतीवर कमाई) आणि मनी सर्क्युलेशनला (नुसता पैसा फिरवण्याला) बंदी घातली आहे. कमाई माल विकून व्हावी, माणूस भरती करून नाही. जाहिरात मालाचीच द्या.