लोगोस, रेमा आणि आपली साधी 'गोष्ट'

ताई, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कांदिवलीच्या प्रार्थनासभेत पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं, की वचनासाठी ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत, 'लोगोस' म्हणजे बायबलात छापलेलं वचन आणि 'रेमा' म्हणजे देव खास आपल्याशी बोलतो ते. रेमा मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तेव्हापासून तीन महिने तुम्ही नोकरीच्या निर्णयासाठी रेमाची वाट बघताय. शास्त्रात देवाच्या वचनाला कोणकोणते शब्द आहेत आणि हा फरक खरा का, असं तुम्ही विचारलंय.

मी भायखळ्याला तीस वर्षं संडे स्कूल घेतोय. हिब्रू-ग्रीक मोडकंतोडकंच येतं, पण शब्दकोश उघडून बसायची खोड आहे. त्या भरवशावर सांगतो: एवढा फरक नाही. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय काढा. तेविसाव्या ओळीत देवाचं जिवंत, टिकणारं वचन, तिथे ग्रीकमध्ये लोगोस आहे. पंचविसाव्या ओळीत प्रभूचं वचन सर्वकाळ टिकतं, तिथे रेमा. मध्ये फक्त गवत आणि फूल. पेत्र तेच वचन दोन शब्दांनी सांगतोय. शिवाय ही ओळ जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातली, अध्याय ४०, आणि मूळ हिब्रूत तिथे 'दाबार', म्हणजे शब्द, आहे. जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात दाबारसाठी कधी लोगोस, कधी रेमा असं दोन्ही येतं. रानात सैतानाला उत्तर देताना येशू म्हणतो, मनुष्य देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल. तिथेही रेमाच आहे. आणि त्या वाक्याची सुरुवात काय? असा शास्त्रलेख आहे! म्हणजे रेमा लिहिलेलाच निघाला, जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला. छापील एक आणि खास दुसरा ही वाटणी गेल्या शतकातल्या काही प्रचारकांनी लोकप्रिय केली. देव माणसाशी आजही बोलतो यावर माझा विश्वास आहे, फक्त त्याचं ओझं एका ग्रीक शब्दावर टाकू नये.

खरी मजा दाबारमध्ये आहे. आपल्या मुंबईला हिब्रू तशी परकी नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं होतं. दाबार म्हणजे बोललेला शब्द, आणि दाबार म्हणजेच घडलेली घटना, वस्तू, प्रकरण. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावताना घाम फुटतो. मराठी माणसाला एक शब्द पुरतो: गोष्ट. आजी गोष्ट सांगते, आणि 'अशी गोष्ट घडली' असंही आपण म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माची बातमी ऐकून मेंढपाळ म्हणतात, चला, झालेली ही गोष्ट पाहू. ग्रीकमध्ये तिथे रेमा आहे, आणि रेमा कधी 'पाहता' येतो का? पण लूकच्या रेमामागे दाबार उभा आहे, म्हणून येतो. देव बोलला, प्रकाश होवो, आणि झाला. सांगणं आणि घडणं यांत फट नाही. सिनाय डोंगरावरच्या दहा आज्ञांनाही हिब्रूत दहा 'शब्द'च म्हटलंय.

मग देवाच्या वचनाचंच गाणं असलेलं स्तोत्र ११९. हिब्रूची बावीस अक्षरं, प्रत्येकी आठ ओळी, एकूण १७६. थोड्या ओळी सोडल्या तर प्रत्येकीत आठांपैकी एक तरी शब्द येतो: नियमशास्त्र, निर्बंध, विधी, नियम, आज्ञा, निर्णय, आणि वचनासाठी दोन, दाबार व इमरा. यातल्या 'नियमशास्त्र'वर माझा जुना राग आहे. त्याचा हिब्रू शब्द तोरा, म्हणजे आधी शिकवण, बोट दाखवून वाट सांगणं. आपल्याला मात्र कोर्टाचा वास येतो. आणि 'निर्बंध'! २०२१ मध्ये, कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात, ऑनलाइन वर्गात मी वाचलं, 'तुझे निर्बंध आश्चर्यकारक आहेत', तर एक पोरगा म्युट काढून म्हणाला, "सर, आमच्या चाळीच्या गेटला बांबू बांधलेत, त्यात काय आश्चर्यकारक?" हसून हसून पुरेवाट झाली. हिब्रू शब्द 'एदूत', म्हणजे साक्ष. कराराच्या कोशातल्या, म्हणजे पवित्र पेटीतल्या, दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांनाही हाच शब्द आहे. देवाने स्वतःबद्दल दिलेली साक्ष, असं वाचलं की ती ओळ उघडते. बाकीच्यांचं थोडक्यात: 'नियम'च्या हिब्रू शब्दात कोरण्याचा अर्थ आहे, 'निर्णय'मध्ये न्यायाधीशाचा निवाडा. पण कवी दर ओळीला नवा सिद्धांत मांडत नाही, एकाच प्रेमाला आठ नावांनी हाक मारतोय.

'शास्त्रलेख' हा शब्द लिखाणापुरता. २ तीमथ्य ३:१६ मध्ये त्याला जोडलेलं विशेषण शब्दशः घेतलं तर 'देवाच्या श्वासाचा' असं होतं.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. 'प्रारंभी शब्द होता', तिथे लोगोस. ग्रीक तत्त्वज्ञ विश्वामागच्या बुद्धीला लोगोस म्हणत, पण योहानाचं पहिलंच पद बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, 'उत्पत्ती'च्या, पहिल्या ओळीची आठवण करून देतं, म्हणून मी त्याला दाबारच्या घरातला मानतो. ख्रिस्ती माणसासाठी देवाचं वचन आधी एक व्यक्ती आहे, मग पुस्तक. लोगोस म्हणजे 'नुसतं छापील' असं म्हणणाऱ्याने हा अध्याय कसा वाचला असेल कोण जाणे. पुढे चौदाव्या ओळीत शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये 'वस्ती केली'. ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. आमच्या वर्गात निम्मी मुलं वस्तीतलीच, पत्र्यावर ताडपत्री टाकून पावसाळा काढणारी. त्यांना हे पद कधी समजावून सांगावं लागलं नाही.

नोकरीबद्दल मी सल्ला देणार नाही, मला तुमचं घर माहीत नाही. पण राजीनाम्याची मुदत शुक्रवारी संपतेय असं लिहिलंय, तर त्याआधी घरच्यांशी आणि तुमच्या पाळकांशी एकदा बसून बोला. मनात अमुक आकडा किंवा ओळ चमकायची वाट बघत थांबू नका.