चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची

लेकरा,

पीअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्या पोरांना समजावून सांगणारं माणूस, म्हणून नाव दिलंस, बरं केलंस. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) सरांनी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पोरापोरींच्या विषयाला होकार दिला, हेही आपल्याकडे थोडं नाही. भाषणाची तयारी कशी करू, असं विचारलंयस. भाषणाचं एवढं मनावर घेऊ नकोस, ते जमेल. हॉल रिकामा होतो, सतरंज्यांच्या घड्या सुरू होतात, तेव्हा एखादा पोरगा मदतीच्या निमित्ताने मागे रेंगाळतो आणि म्हणतो, "माझ्या एका मित्राबद्दल विचारायचं होतं." तुझं खरं काम तिथून पुढचं. त्या मित्राचं नाव विचारायचं नाही. मित्र कोण ते आपल्याला कळलंय, असं चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही.

मुंबई-पुण्यात शेजारचा कोण ते माहीत नसतं, त्यामुळे तिथली रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे वसतिगृहात दोन खोल्या सोडून त्याच्याच तालुक्यातलं कुणीतरी राहतं, आणि त्या कुणाचा तरी मामा त्याच्या बापासोबत एकाच आडतीवर सोयाबीन घालतो. नांदेडात निघालेली गोष्ट मुखेडला एसटीच्या आधी पोचते.

म्हणून चिठ्ठ्यांचं नीट सांगते. प्रश्न चिठ्ठीवर मागवणार असशील, तर चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची. ज्याला प्रश्न नाही त्याने मेसमध्ये आज कोणती भाजी होती ते लिहावं, पण लिहावं. नाहीतर भरल्या हॉलमध्ये दोन-चारच माना खाली जातात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत बसतात. कागद एकाच वहीचे, एकाच मापाचे. वाचायच्या तूच. अक्षर ओळखीचं वाटलं तरी मान वर करायची नाही. नंतर अहवालाला जोडायला म्हणून कुणी त्या मागेल, कुणी ग्रुपवर टाकायला फोटो काढू म्हणेल. द्यायच्या नाहीत, तिथेच फाडायच्या. रासेयोच्या तासांसाठी हजेरीची सही लागणारच, तर वर विषय "युवक आणि कायदा" एवढाच लिही. तो कागद कुणाच्या घरी दिसला तरी पंचाईत नको.

"लग्न केलं की बरं होतं का?" ही चिठ्ठी येणारच. आडपडदा न ठेवता सांग की बरं व्हायला हे दुखणंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. "बदलून देतो" म्हणणारा देवऋषी असो की पाटी लावलेला डॉक्टर, दोघांपासून लांब राहायला सांग. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली बजावलंय. आपल्याकडे पोरगा जरा वेगळा वाटला की उन्हाळ्यात बार उडवून मोकळे होतात. त्यात दुसऱ्याची लेक फुकट भरडली जाते, हेही मोकळेपणी बोल. सभागृहातल्या मुलींना ते लगेच कळतं.

कायदा सांगताना अर्धा सांगू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर असे संबंध गुन्हा धरणाऱ्या जुन्या 377 सारखं कलमच नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, हे त्याच दमात सांग. नाहीतर एखादी जोडी भलत्या भरवशावर घर सोडते.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र वेगळा कागद लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. लैंगिक कल किंवा ट्रान्सजेंडर असणं यावरून कुणाला छळणं, वाळीत टाकणं हे त्यात रॅगिंग धरलंय. म्हणजे मेसच्या रांगेत "बायल्या" म्हणून रोज चाललेली टिंगल ही तक्रारीची बाब आहे. ते पान छापून पिशवीत ठेव. माणुसकीवर सगळेच मान डोलावतात, यूजीसीचं नाव काढलं की खुर्चीत सावरून बसतात.

"हे आपल्याकडे नव्हतंच" असं कुणी म्हणालं की तुळजापूर-येरमाळ्याच्या आराध्यांचं, देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचं, उदाहरण द्यायचा मोह होईल. दे, पण जपून. देवीच्या दारात साडी नेसून गाणाऱ्याला कवड्यांची माळ मिळते, घरच्या पंगतीत जागा मिळतेच असं नाही. आणि बीएस्सी करणाऱ्या, जीन्स घालणाऱ्या समलिंगी पोराला त्यात स्वतःचं काहीच सापडत नाही. बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपायाची 2018 ची लिंगबदल शस्त्रक्रियाही हमखास निघेल, पेपरात खूप गाजली होती. तिथे थांबून फोड करून सांग. आपण स्त्री की पुरुष, ही आतली जाणीव वेगळी आणि आपल्याला कोण आवडतं ते वेगळं. मुलगा आवडतो म्हणून आता ऑपरेशन करावं लागणार, या धास्तीने झोप उडालेली पोरं असतात.

घरी सांगू का, या प्रश्नावर "धीर कर, सांगून टाक" असं चुकूनही म्हणू नकोस. शहरातल्या पोस्टरवर ते शोभतं. ज्याची फी घरून येते, त्याने सांगितल्यावर फी बंद झाली तर तू भरणार आहेस का? मुलीचं तर शिक्षणच थांबतं आणि महिन्याभरात स्थळं बघायला लागतात. पदवी, नोकरी, स्वतःचं खातं, हाक मारता येईल असं एखादं माणूस, एवढं जमेपर्यंत गप्प राहणं भित्रेपणाचं नाही. काही जण कधीच सांगणार नाहीत, त्यांनाही तुझ्याकडे तेवढीच जागा असू दे.

अ‍ॅपवर ओळख काढून भेटायला बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि "घरी पाठवतो" म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार होतात. अशाला सांग, पैसे पाठवू नको, मेसेज पुसू नको, 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन कर. संबंध गुन्हा नाही, खंडणी आहे. पोलिसांकडे जायची भीती वाटते तेव्हा कुणी सोबत चल म्हटलं तर फार फरक पडतो.

एका ठिकाणी मात्र गुपित ठेवायचं नाही. कुणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकट्याला सोडू नकोस, आणि मोठ्या माणसाला सांग. हा अपवाद पहिल्याच भेटीत समोरच्याच्या कानावर घालून ठेव, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तू समुपदेशक नाहीस, रात्रभर फोन धरून बसायची गरज नाही.

या कामाला सोबतीला जोडीदार निवडताना तुझ्याच समाजाचा घेऊ नकोस. आपल्याकडे आडनाव आधी ऐकू येतं, आणि जातीचे टोमणे सोसत आलेलं पोरगं सगळ्या एकाच आडनावांच्या घोळक्याकडे हा दुसरा विषय घेऊन येणार नाही. शक्य झालं तर एक मुलगी घे, वसतिगृहात राहणारी. मुलींच्या चिठ्ठ्या तिच्याशिवाय तुझ्यापर्यंत यायच्या नाहीत.

तुझी,
मॅडम