अर्जात 'ऑब्सेस्ड' लिहू का?

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते. नोकरी सांभाळून मोडी शिकले आणि आता जुनी पत्रं लावण्यात शनिवार-रविवार कसे जातात कळत नाही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पुराभिलेख जतनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतेय. त्यात लिहिलंय, 'आय ॲम ऑब्सेस्ड बाय मोडी डॉक्युमेंट्स अँड टोटली इमर्स्ड अँड इंग्रॉस्ड इन देम.' भाऊ म्हणतो, 'ऑब्सेस्ड' काढ, 'प्रीऑक्युपाइड' घाल, सभ्य वाटतं. काय करू?

उत्तर : आधी एक करा, भावाचं ऐकू नका. गॅसवर दूध ठेवून माणूस समोरच उभा आहे, दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळतंय आणि याच्या डोक्यात कर्जाचा हप्ता. तो 'प्रीऑक्युपाइड'. मन आधीच दुसऱ्या कशानं तरी अडवलेलं, आणि ते दुसरं बहुतेक वेळा काळजीचंच. तुमची मोडीची हौस त्या रांगेत कशाला बसवायची?

'ऑब्सेस्ड'चं मूळ लॅटिनमध्ये वेढा घालून बसण्यात आहे. पोरं हल्ली कॉफीच्या मगबद्दलही 'ऑब्सेस्ड' असतात, त्याला माझी हरकत नाही. पण अर्ज वाचणारे प्राध्यापक जुन्या वळणाचे निघाले तर त्यांना 'झपाटलेली' असं ऐकू येईल. शिवाय त्याच्यामागे 'बाय' चालत असलं तरी सरावाचं 'विथ' आहे.

'इमर्स्ड' पुणेकरांना शिकवायला नको. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी इथली इंग्रजी वर्तमानपत्रं 'इमर्शन'नं भरलेली असतात. गणपती पाण्यात जातो, तुम्ही कागदांत. पण हा शब्द लांब मुक्कामाचा. जपानमध्ये राहून, तिथल्या लोकांत वावरून जपानी शिकलात तर 'इमर्स्ड'. एखादी दुपार पुस्तकात गेली, बेल वाजलेली ऐकू आली नाही, तर 'ॲब्सॉर्ब्ड'. दोघांच्याही मागे 'इन'.

आता 'इंग्रॉस्ड'. तुम्ही नेमका हाच शब्द उचललात याची मला गंमत वाटली. हा मुळात बाजारातला आणि कचेरीतला. 'एन ग्रॉस' म्हणजे घाऊक. गावात आलेलं सगळं धान्य एकट्यानं उचलायचं आणि मग मनाला येईल त्या भावानं विकायचं, याला इंग्लंडच्या कायद्यात 'इंग्रॉसिंग' म्हणत. तो गुन्हा होता, 1844 साली रद्द झाला. आपल्या कोपऱ्यावरचा 'ग्रोसर'ही त्याच घाऊक घराण्यातला. तर एखाद्या कामानं तुमचं लक्ष असं घाऊक उचललं, दुसऱ्याला चिमूटभर उरलं नाही, की तुम्ही 'इंग्रॉस्ड'.

त्याचा दुसरा अर्थ तर थेट तुमच्या वाटेवरचा. दस्ताचा कच्चा मसुदा पक्का झाला की तो मोठ्या, सुवाच्य अक्षरात कायम स्वरूपात उतरवणं, यालाही 'इंग्रॉस' करणं म्हणतात. पुराभिलेखाच्या प्राध्यापकाला 'इंग्रॉस्ड' म्हटल्यावर आधी तसला दस्तच आठवण्याची शक्यता जास्त. त्याच्यापुढे जपून वापरा.

'रॅप्ट' तुम्ही विचारला नाहीत, पण पुण्यात राहून तो टाळता येत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित चालू असताना डबा उघडायचाही संकोच वाटतो, ते श्रोते 'रॅप्ट'. लॅटिनमधलं मूळ हिसकावून नेण्याचं. स्पेलिंग आर-ए-पी-टी. माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत मात्र श्रोते बहुधा साडीच्या दुकानातल्या पुड्यासारखे डब्ल्यू लावून 'गुंडाळलेले' असतात.

'इन्व्हॉल्व्ड' घालू नका. 'इन्व्हॉल्व्ड इन' म्हटलं की बातमीत पुढे घोटाळाच येतो, आणि नामाच्या आधी आला तर अर्थच फिरतो : 'ॲन इन्व्हॉल्व्ड लेटर' म्हणजे गुंतागुंतीचं, डोकं खाणारं पत्र. 'इंग्रॉसिंग'चंही तसंच. पत्र 'इंग्रॉसिंग', वाचणाऱ्या तुम्ही 'इंग्रॉस्ड'. उलट लिहिलंत तर स्वतःच्याच मनोरंजकतेची जाहिरात होईल.

माझं मत विचाराल तर यातलं एकही विशेषण अर्जात नको. हे शब्द दुसऱ्यानं आपल्याबद्दल वापरायचे. आपणच आपल्याला 'तल्लीन' म्हणवून घेतलं की ऐकणाऱ्याला हसू येतं, इंग्रजीतही येतं. त्यापेक्षा काम दाखवा. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जातो, दोन शब्दांत जागाही सोडत नाही. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. एखादं पत्र घ्या. कुठे अडलात, आधी काय वाचलंत, मग काय लागलं, हे साध्या भूतकाळी क्रियापदांत चार ओळींत लिहा. पुण्यात पेशवे दप्तर आहे आणि ते मोडीत आहे, हेही एका वाक्यात येऊ द्या. तिथल्या प्राध्यापकांना ते ठाऊक असेलच असं गृहीत धरू नका.

विशेषण हवंच असेल तर 'कमिटेड टू' घ्या. जरा कोरडं आहे, पण अर्जाला शोभतं. त्याच्या 'टू'नंतर 'रीडिंग' येतं, 'रीड' नव्हे. भावाला तेवढं तपासायला सांगा.