कृत्रिम गवताचे पैसे आधी खडीत घाला

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरात दोन कुत्री, साठ चौरस मीटरचं अंगण आणि खाली चिकणमाती. पाऊस पडला की घरभर चिखलाचे पंजे उमटतात, ऊन तापलं की जमिनीला भेगा पडतात. कृत्रिम गवतासाठी दोन कोटेशन आलीत आणि दुसरं पहिल्याच्या साधारण 1.6 पट आहे. पैसे काढायचे ते सहा महिन्यांच्या घरखर्चाच्या राखीव निधीतून. स्वस्त काम केलं तर तीन महिन्यांचे उरतील, महाग केलं तर जेमतेम एका महिन्याचे. तुमचा प्रश्न असा की गवत दोन्हीकडे सारखंच आहे, तर स्वस्तातलं का घेऊ नये?

स्वस्तातलं घेऊ नका. आणि महागातलंही आत्ता सगळ्या अंगणाला करू नका.

गवत सारखंच आहे, हे खरं. फरक आहे तो त्याच्या खाली. पहिल्या कोटेशनमध्ये माती सपाट करून, वर वाळूचा पातळ थर देऊन गवत अंथरायचंय. दुसऱ्यात 15 सेंटीमीटर खोदाई, मातीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती वर येऊ न देणारं), भुकटी काढून टाकलेली खडी आणि पाणी बाहेर नेणारा छिद्रांचा पाइप आहे. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 30 मिलिमीटरची एक सर आली तर तुमच्या अंगणात 1800 लिटर पाणी पडतं. घट्ट चिकणमाती तासाला काही मिलिमीटरच पाणी पिते, कधी तेवढंही नाही. दहा सेंटीमीटर खडीच्या थरात साधारण 40 टक्के जागा पोकळ असते, म्हणजे चौरस मीटरला 40 लिटर पाणी तात्पुरतं मावतं आणि पाइपमधून निघून जातं. पातळ वाळूत ते मावत नाही. मावलं तरी त्याला जायला वाट नसते.

आणि तुमच्याकडे नुसतं पाणी नाही, दोन कुत्र्यांचं मूत्रही आहे. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. माझ्या एका क्लायंटच्या अंगणात आम्ही गवताचा कोपरा उचलून पाहिला होता. खाली वाळू उरलीच नव्हती. तिच्या जागी काळपट, चिकट गाळ होता आणि वाकून बघताना डोळे चुरचुरले. मधे कापड नसल्याने माती वर सरकत गेली होती. तिथे महागडा क्लीनर मारून काय होणार? झिओलाइट, म्हणजे अमोनिया शोषणारं खनिज, वास धरून ठेवतं, पण तेही पाण्याने धुऊन निघावं लागतं. निचराच नसेल तर तो खर्च वाया.

आता पैशांचं बोलू. पहिलं कोटेशन 100 धरा, दुसरं 160. त्यातले 90 जमिनीखालच्या कामाचे आणि 70 गवताचे असं समजा; तुमच्या कोटेशनमधले आकडे घालून हे पुन्हा करून पाहा. चांगलं गवत दहा वर्षं टिकलं आणि मग बदललं, तर खालची खडी तीच राहते, पुन्हा फक्त 70 लागतात. वीस वर्षांचे 230, म्हणजे वर्षाला साडेअकरा. या दराशी बरोबरी करायला स्वस्त कामाला जवळजवळ नऊ वर्षं तग धरावा लागेल. चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. अशा जमिनीवर नुसत्या वाळूवरचं गवत नऊ वर्षं सपाट आणि बिनवासाचं राहील यावर मी तुमचे पैसे लावणार नाही.

पण म्हणून राखीव निधी एका महिन्यावर आणायचा नाही. कुत्री असलेल्या घरात तर नाहीच. प्राण्याचं ऑपरेशन निघालं तर ते पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. पर्सनल लोनही नको, अंगण हप्ते फेडायला काही कमावून देणार नाही.

म्हणून माझं मत असं: कुत्री सर्वात जास्त वावरतात त्या वीस चौरस मीटरचं काम पक्कं करा. जमलं तर सावलीतला भाग निवडा, कारण भर उन्हात हे गवत पंजे भाजण्याइतकं तापतं. खर्च सुमारे पावणेदोन महिन्यांच्या घरखर्चाइतका येईल, निधीत चार महिन्यांहून थोडे जास्त उरतील. पाइपची दिशा मात्र आजच पूर्ण अंगणाचा विचार करून ठरवून घ्या. उरलेल्या भागात लाकडाचे तुकडे पसरा (कोकोच्या, म्हणजे चॉकलेटच्या बियांच्या, साली मात्र नकोत, त्या कुत्र्यांना विषारी असतात). दोन भागांच्या मधे फरशीची पट्टी ठेवा, कारण पुढच्या लॉटच्या गवताची छटा थोडी वेगळी निघू शकते. निधी पुन्हा सहा महिन्यांवर आला की पुढचा टप्पा घ्या.

कंत्राटदाराशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या. खोदलेली माती कोण उचलणार? वीस चौरस मीटरचीही तीन घनमीटर निघते आणि मोकळी झाल्यावर चारच्या घरात जाते. खालचा थर खचला तर जबाबदारी कोणाची? गवताची वॉरंटी बहुधा धागा आणि रंगापुरतीच असते. आणि शेवटचा मोठा हप्ता पाण्याच्या चाचणीला बांधा: खडी घातल्यावर, गवत अंथरण्याआधी, तुमच्यासमोर होजपाइपने पाणी सोडायचं आणि ते पाइपच्या तोंडातून बाहेर पडताना दिसलं पाहिजे.

त्याआधी या आठवड्यात एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. अंगणात 30 सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. दोन-तीन जागी मोजा आणि आकडे दोन्ही कंत्राटदारांना पाठवा. ते वाचून पहिला कंत्राटदार वाळूचाच आग्रह धरतो का, ते मला कळवा.