उत्तर : मुलींच्या अभ्यासिकेसाठी मोठ्या देणगीदारांना पत्रं पाठवू का?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. गावात मुलींसाठी अभ्यासिका काढायची आहे, एका कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च) विभागातल्या माणसाने "होऊन जाईल" असं तोंडी सांगितलं, सरपंचांनी ते ग्रामसभेत जाहीरही करून टाकलं, आणि आता तिकडे कोणी फोन उचलत नाही. म्हणून प्रेमजी, टाटा, नाम, पानी फाउंडेशन अशा सगळ्यांना पत्रं टाकू का, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासिकेचं अगदी असंच झालं होतं.

नोंदणी, पॅन, बँक खातं यावर लिहीत नाही, ते तुमचं झालेलं असणार. मी सीए नाही, वकीलही नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सीएचा.

आमचं नुकसान पैसा न मिळाल्याने झालं नाही. पैसा येणार अशी हवा झाली, त्याने झालं. ज्या कार्यालयाने आम्हाला झुलवलं त्याचं नाव घेत नाही. त्यांचे साहेब आले, ग्रामपंचायतीची जुनी कौलारू खोली टेपने मोजली, मुलींची यादी घेतली, रॅक, टेबलं, सोलर, कॉम्प्युटर असं सगळं लिहून नेलं. जाताना भिंतीवर कंपनीच्या नावाचा फ्लेक्स लावला, "यांच्या सौजन्याने" असा. त्याखाली सतरंजीवर मुलींना पुस्तकं उघडून बसवलं आणि फोटो काढले. तेव्हा एक रुपयाही आलेला नव्हता. फ्लेक्स मात्र तिथेच राहिला, आणि येणारा-जाणारा तो वाचू लागला.

त्याआधी आमच्याकडे कापसाचा चुकारा झाला, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे हातात आले, की लोक वर्गणी देत. कोणी शंभर, कोणी पाचशे, ज्याच्याकडे रोख नसे तो पायलीभर तूर आणून देई. पावती पुस्तकात तुरीचीही पावती फाडत होतो. फ्लेक्स लागल्यावर ज्याच्या दारात जावं तो एकच म्हणे, "कंपनी देऊन रायली ना, मंग आमची वर्गणी कायले?" त्याचंही चुकीचं नव्हतं. घरी लग्न, दवाखाना, बियाण्याची उधारी असताना कंपनी देत असलेल्या कामाला त्याने का द्यावं? एका निवृत्त गुरुजींनी लाकडी कपाटं कबूल केली होती, तीही थांबली. तिकडे त्या साहेबांची बदली झाली. नव्या बाईंनी प्रस्ताव नव्या नमुन्यात मागितला, तो दिला. मग "यंदा आमचा भर कौशल्य विकासावर आहे, शिलाई मशीन चालतील का?" पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरींना शिलाई मशीन! तरी आम्ही नवा प्रस्ताव केला. त्यानंतर काहीच नाही. "जमणार नाही" एवढं कोणी लिहून दिलं असतं तर त्याच हंगामात आम्ही पुन्हा पावती पुस्तक घेऊन फिरलो असतो. ते कोणी लिहिलं नाही. या सगळ्यात ज्या मुली संध्याकाळी येत होत्या त्यांतल्या काहींची लग्नं होऊन गेली. त्यांची ती वर्षं कोणती कंपनी परत देणार?

आता कायद्याचं थोडं, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. त्यात जिथे कारखाना किंवा काम आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायद्यातच आहे. म्हणून कोळसा आणि सिमेंटच्या चंद्रपूरकडे जेवढे सीएसआरवाले दिसतात तेवढे आपल्या कोरडवाहू तालुक्यांत दिसत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, आणि स्वतंत्र संस्थेला तशाच कामाचा निदान ३ वर्षांचा अनुभव लागतो. तुमचं मंडळ नवीन असेल तर साहेब कितीही गोड बोलले तरी पैसा थेट तुमच्या खात्यात येणं अवघड आहे. हे त्या विभागाला पहिल्या दिवशी माहीत असतं. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात किती खर्च केला ते दिसतं. तिथे आपला जिल्हाच नसेल तर त्या कंपनीमागे धावू नका.

मोठ्या नावांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हे दाते आपलं काम आधीच ठरवून बसलेले असतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. विप्रोच्या अझीम प्रेमजींनी २०१९ पर्यंत फाउंडेशनच्या नावे केलेली संपत्ती सुमारे १ लाख ४५ हजार कोटींची. मुख्य काम सरकारी शाळांतल्या शिक्षणाचं. रोहिणी नीलेकणींचं अर्घ्यम पाण्यासाठी. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांचं नाम २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी उभं राहिलं, पुढे जलसंधारणात उतरलं. पानी फाउंडेशनचं कामही पाण्याचंच. गावागावांतल्या जलसंधारणाची त्यांची २०१६ ची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत आपलं अमरावती जिल्ह्यातलं वरूड होतं. तिथे प्रशिक्षण त्यांनी दिलं, श्रमदान गावांनी केलं. अभ्यासिकेचं पत्र या सगळ्यांना सरसकट पाठवून टपालखर्चच होईल. त्यापेक्षा इन्फोसिसच्या नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी का दिले ते बघा. ते तिथले विद्यार्थी होते. तुमच्या जिल्हा परिषद शाळेतून शिकून पुण्या-नागपुरात नोकरीला लागलेली माणसं शोधा. ती तुम्हाला ओळखतात, पोळ्याला गावी येतात, खोली डोळ्यांनी बघून जातात. आमची टेबलं शेवटी अशाच लोकांकडून आली.

आणि आपल्या विदर्भात देणगीची कमी कधी होती? कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मृत्युपत्रात ठेवले, त्यातून १९४२ मध्ये नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट झाली. उद्योगपती जमनालाल बजाज वर्ध्यातच राहत होते. १९२८ मध्ये त्यांनी तिथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेव्हा गावाचा रोषही त्यांनीच सोसला. बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं ते ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आधी काम दिसलं, मग लोकांनी दिलं. मोठा दाताही चालू असलेल्या खोलीत येतो, बंद खोलीत नाही.

एक-दोन गोष्टी जाता जाता. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी घेऊ नका, देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. कोणी जागा देत असेल तर नोटरीच्या कागदावर भागवू नका, नोंदणीकृत दानपत्रच करा. आमच्या शेजारच्या गावात भावकीने नंतर कुलूप घातलं. आणि भिंतीवर दात्यांच्या नावांची पाटी लावायची तर शंभर रुपयेवाल्याचंही नाव त्याच आकाराच्या अक्षरात येऊ द्या. यावर काही जण माझ्याशी सहमत नसतील, पण मी हे ठामपणे सांगतो.

तुमच्या भिंतीवर कंपनीचा फ्लेक्स असेल तर तो आज उतरवा. सरपंचांना पुढच्या ग्रामसभेत स्पष्ट बोलायला लावा की अजून कोणाकडून काही आलेलं नाही, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. त्या विभागाला एक रजिस्टर्ड पत्र टाका, हो की नाही ते लेखी कळवा म्हणून, तारीख घालून. त्यांचं खर्चाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे जानेवारीपर्यंत उत्तर नसेल तर यंदाचं नाही असंच धरा. पण उत्तराची वाट बघत बसू नका. पहिल्या वेच्याचा कापूस आता जिनिंगला जाईल, चुकारे सुरू होतील. पावती पुस्तक छापून घ्या, क्रमांक घालून, आणि पहिली पावती सरपंचांच्याच नावाने फाडा.